नोटीस दारावर लावा

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : शोधयंत्राने काढून टाकलेल्या वेबसाइटच्या मालकाला कारण कळण्याचा आणि दाद मागण्याचा हक्क देण्याबाबत

महोदय,

मी चिपळुणात राहून छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बांधून देतो. खरे तर बांधण्यापेक्षा दुसऱ्याने बांधलेल्या आणि पुढे बिघडलेल्या वेबसाइट निस्तरण्यातच माझा जास्त वेळ जातो. गिऱ्हाइके म्हणजे गुहागर-दापोलीकडे घरगुती राहण्याजेवणाची सोय करणारे, काजूवाले, एक-दोन पतसंस्था, एक जुने वाचनालय आणि बरेचसे आंबा बागायतदार. 'आमची वेबसाइट सर्चला येतच नाही हो' हे वाक्य यांतल्या बहुतेकांकडून कधी ना कधी ऐकलेले आहे. त्या वाक्यामागे काय काय असते आणि त्यात सरकारने कुठे हात घालायला हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकतो. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधल्या नियम ४ च्या उपनियम (८) मध्ये एक शहाणी तरतूद आहे. मोठ्या समाजमाध्यम कंपनीने आपल्या मर्जीने कुणाचा मजकूर काढला, तर काढण्याआधी त्याला कळवायचे, कारण द्यायचे आणि हरकत घ्यायला वाजवी संधी द्यायची. फेसबुकवरची एक पोस्ट काढायची तरी हा रिवाज पाळावा लागतो. शोधयंत्राने एखाद्याची अख्खी वेबसाइट आपल्या यादीतून उडवली, तर मात्र हा नियम त्याला लागत नाही. वास्तविक माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम २ मध्ये मध्यस्थ कोण याची जी व्याख्या आहे, तिच्यात शोधयंत्रांचा नावानिशी उल्लेख आहे. ती कायद्याच्या कक्षेत आहेतच. ही एक जबाबदारी तेवढी त्यांच्यावर टाकायची राहून गेली आहे.

आता हे कशासाठी, ते सांगतो.

रत्नागिरी तालुक्यातले एक बागायतदार. त्यांचे नाव-गाव सांगत नाही आणि त्या शोधयंत्राचेही घेत नाही, कारण माझे भांडण पद्धतीशी आहे. वाशीच्या दलालाकडे पेट्या पाठवून तो देईल तो दर घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला घरपोच विकू, म्हणून त्यांनी पुतण्याकडून वेबसाइट करून घेतली. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर अशा थेट विक्रीचा हुरूप बराच वाढला, त्यातलेच हे एक. एरवी वर्षभर त्या वेबसाइटकडे कुणी फिरकत नसे, पण होळीपासून अक्षय्य तृतीयेच्या पुढेपर्यंत फोन खाली ठेवायला फुरसत नसायची. एका वर्षी ऐन पाडव्याच्या तोंडावर फोन थंडावले. त्यांना आधी वाटले, यंदा मोहोर उशिरा आला हे लोकांना ठाऊक आहे, म्हणून विचारणा नाही. मग डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने सांगितले, 'काका, तुमचं नाव टाकून शोधलं तरी काही येत नाही. धंदा बंद केलात की काय?'

काकांनी आपल्या मोबाइलवर पत्ता टाकून वेबसाइट उघडली. आंब्याचे फोटो, पेटीचे दर, फोन नंबर, सगळे जागच्या जागी. मी उघडली, मलाही तेच दिसले. मग मी शोधण्याच्या चौकटीत 'साइट', पुढे अपूर्णविराम आणि पुढे त्यांचा पत्ता असे टाकले. आमच्या धंद्यातली ही पहिली तपासणी. शोधयंत्राकडे त्या वेबसाइटची कोणती पाने नोंदलेली आहेत, ते त्यातून कळते. उत्तर आले शून्य. एकही पान नाही. हाच प्रयोग दुसऱ्या एका शोधयंत्रात केला, तिथे अजून कारवाई झालेली नव्हती. तिथे पानेच पाने आली, आणि सगळी जपानी लिपीत. नकली घड्याळे, नकली पर्स, नकली बूट. प्रत्येकाखाली पत्ता आमच्या आंबेवाल्या काकांचा.

म्हणजे ज्याने शिक्षा केली त्याने कारण सांगितले नाही. ते कळले दुसऱ्याच्या दुकानात.

या प्रकाराला जगभर 'जपानी कीवर्ड हॅक' म्हणतात आणि तो बराच जुना आहे. चोर वेबसाइटमध्ये शिरून आपली हजारो पाने पेरतो आणि त्याच्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅम ठेवतो. दार उघडणारा माणूस आहे की शोधयंत्राचा बॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा त्याचा प्रोग्रॅम, हे तो प्रोग्रॅम आधी पाहतो. माणसाला आंबा दाखवतो, बॉटला घड्याळे. त्यामुळे मालकाने दिवसातून दहा वेळा वेबसाइट उघडली तरी त्याला ती चोरी दिसणे शक्य नसते. शोधयंत्राला मात्र ती पहिल्या दिवसापासून दिसत असते. जगात ज्या एकाला ती दिसते, त्यानेच मालकाला सांगायचे की नाही, हा या पत्रातला सगळा वाद आहे.

आता कंपन्या म्हणतील, आम्ही कळवतो की. आणि ते खोटे नाही. वेबसाइटच्या मालकांसाठी त्यांची कन्सोल नावाची जागा असते. तिथे आपली मालकी नोंदवली की मानवी तपासनीसाने केलेल्या कारवाईची सूचना येते. गुगलने तर ऑगस्ट २०१३ पासून अशा कारवायांसाठी वेगळे पानच करून ठेवले आहे. अडचण अशी की आमच्याकडचा आंबेवाला, लॉजवाला, वाचनालयाचा कार्यवाह यांनी त्या जागेचे नावही ऐकलेले नसते. मालकी नोंदवलीच असेल तर ती वेबसाइट करणाऱ्या पोराने त्याच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेली असते, आणि ते पोर आता बंगळुरात नोकरीला असते. काकांच्या बाबतीत त्याहून वाईट होते. आम्ही मालकी सिद्ध करून कन्सोलमध्ये शिरलो, तर तिथे एक मालक आधीच बसलेला. चोराने वेबसाइटमध्ये आपली एक फाइल ठेवून स्वतःलाच मालक म्हणून नोंदवून घेतले होते. या हॅकमध्ये चोर सर्रास असे करतात, म्हणजे त्यांची पाने लवकर नोंदली जातात. इशारा पाठवला गेला होता, आणि तो पोचला होता चोराला.

नगरपालिकेला दुकान सील करायचे असले तर ती दारावर कागद चिकटवते. मालक गावाला गेलेला असेल, भाडेकरू पळालेला असेल, तरी येणारा-जाणारा तो कागद वाचतो आणि मालकाच्या कानावर घालतो. एवढीच माझी अपेक्षा आहे, की नोटीस दारावर लावा. आणि हे अशक्य आहे असे कुणी सांगू नये. व्हायरस किंवा फसवणूक असलेल्या वेबसाइटसाठी गुगलच्याच पारदर्शकता अहवालात असे सार्वजनिक पान आहे. कोणीही कुठल्याही वेबसाइटचा पत्ता टाकावा, ती धोकादायक ठरवली गेली आहे का ते तिथे दिसते. हीच सोय स्पॅमच्या कारणाने काढलेल्या वेबसाइटसाठी करायला कोणते नवे विज्ञान लागते? शिवाय इंटरनेटच्या मानकांत १९९७ पासून 'वेबमास्टर' आणि 'अब्यूज' हे ईमेलचे पत्ते अशाच कामांसाठी सुचवून ठेवलेले आहेत. आणि काकांचा मोबाइल नंबर तर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होता.

सफाईबद्दल थोडे सांगतो, कारण 'वेबसाइट साफ करा आणि अर्ज करा' हे वाक्य कागदावर जितके सोपे दिसते तितके ते नाही. वर्डप्रेसच्या मूळ फाइली सगळ्या काढून नव्या टाकल्या. फोटो ठेवायच्या फोल्डरमध्ये, जिथे फोटोखेरीज काही असायलाच नको, तिथे आंब्याच्या पेटीच्या फोटोशेजारी एक पीएचपी फाइल सापडली. नाव असे की सहज नजर चुकावी. ती पुसली. चहा घेऊन येतो तोवर ती परत हजर. सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत चोराने एक ओळ घालून ठेवली होती. ती ओळ दर काही मिनिटांनी फाइल पुन्हा तयार करत होती. ती काढली, मग यादीत दिसणारा अनोळखी अॅडमिन काढला, डेटाबेस चाळला, सगळे पासवर्ड बदलले. चोर आला कुठून, तर पुतण्याने पैसे वाचवायला उतरवून घेतलेल्या फुकट थीममधून. विकत मिळणारी थीम चोरून फुकट वाटणारा माणूस तिच्यात स्वतःसाठी मागचे दार ठेवतो, हे मी गेली कितीतरी वर्षे ओरडून सांगतो आहे. ऐकतो कोण! शेवटी जपानी पानांच्या पत्त्यांवर कुणी आलेच, तर 'हे पान कायमचे गेले' असे उत्तर देणारा ४१० क्रमांकाचा संकेत लावला आणि पुनर्विचाराचा अर्ज लिहायला बसलो.

हा अर्ज लिहिण्याचीही एक रीत आहे. त्यात रडगाणे चालत नाही. काय झाले, आपण काय केले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय ठेवले, एवढेच पुराव्यानिशी मांडायचे. काकांचा आग्रह होता की 'हंगाम चालू आहे, गरीब शेतकरी आहे' असे घाला. घातले नाही. काही दिवस-आठवडे लागू शकतात असे कंपन्याच सांगतात, तसे ते लागले, आणि उत्तर आले की उल्लंघन अजून शिल्लक आहे. कुठे शिल्लक आहे? त्याचा उदाहरणादाखल एकही पत्ता नाही. पुन्हा सगळे उपसले, तेव्हा पुतण्याने सुरुवातीला सरावासाठी उपडोमेनवर केलेली आणि मग विसरलेली एक जुनी वेबसाइट सापडली. घाण तिथेही होती. एक ओळ, फक्त एक पत्ता त्या उत्तरात असता, तर ते काम एका संध्याकाळचे होते. दुसरा अर्ज मान्य झाला आणि वेबसाइट दिसू लागली, तोवर बागेत रायवळ उरला होता. हापूस वाशीला गेला, दलालाच्या दराने.

आता थोडे मोठ्यांकडे पाहू, कारण मोठेही या फटक्यातून सुटलेले नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये गुगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट काढून टाकली. 'वापरलेली मोटार' अशा अर्थाचा जर्मन शब्द ठासून भरलेली पाने फक्त बॉटला दाखवून माणसाला भलतीकडे नेण्याचा उद्योग कंपनीने मांडला होता. गुगलच्या मॅट कट्स यांनी तो उघडपणे आपल्या ब्लॉगवर सांगितला. काही दिवसांत पाने काढली गेली आणि वेबसाइट परतली. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीने क्रमवारीत वर येण्यासाठी विकत घेतलेल्या लिंकांचे बिंग फोडले आणि तिला सुमारे तीन महिने मागे ढकलले गेले. ब्रिटनमधली फुलांची कंपनी इंटरफ्लोरा लिंकांच्याच कारणाने फेब्रुवारी २०१३ मध्ये व्हॅलेंटाइनची गर्दी सरल्यावर गायब झाली आणि अकराच दिवसांत, तिथल्या मातृदिनाच्या आत, परत आली. गाण्यांचे शब्द देणारी रॅप जीनियस २०१३ च्या नाताळात उडाली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतली. स्वतःच्या क्रोम ब्राउझरचे पानही गुगलने जानेवारी २०१२ मध्ये निदान साठ दिवसांसाठी खाली घातले, कारण त्याच्या जाहिरात मोहिमेत पैसे देऊन लिंक घेतल्या गेल्या होत्या. ही शेवटची गोष्ट मी कंपनीच्या बाजूने मुद्दाम सांगतो.

या सगळ्यांना गुन्हा काय ते ठाऊक होते, कारण तो त्यांनीच केला होता. त्यांच्याकडे रात्रंदिवस लिंका उपसायला माणसे होती, वर्तमानपत्रे त्यांची बातमी करत होती आणि शोधकंपनीतला अधिकारी त्यांच्याबद्दल बोलत होता. फुलवाल्यांचा सण वाचला, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी झटून सफाई केली असणार. पण जाणूनबुजून लिंका घेणाऱ्याला अकरा दिवस आणि घरात चोर शिरलेल्याला अख्खा हंगाम, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगावे.

आणि ज्यांची बातमी झाली नाही त्यांचे काय झाले, तेही नोंदलेले आहे. वाईट लिंका घेणाऱ्या वेबसाइटना खाली ढकलणारी 'पेंग्विन' नावाची व्यवस्था गुगलने एप्रिल २०१२ मध्ये आणली. ती माणसाने केलेली कारवाई नसल्याने तिच्याविरुद्ध अर्जच करता येत नसे. लिंका काढा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या साधनातून उरलेल्या लिंका नाकारा आणि पेंग्विन पुन्हा फिरेपर्यंत थांबा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती एकदा नव्याने फिरली. त्यानंतरची फेरी आली थेट सप्टेंबर २०१६ मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षे, पूर्ण सफाई केलेले लोकही शिक्षेत अडकून पडले होते. तेवढ्यात कितीतरी छोटी दुकाने मिटली असतील. त्यांचा हिशोब कोण ठेवणार? सप्टेंबर २०१६ नंतर ती व्यवस्था सतत चालू राहू लागली, ही सुधारणा खरी. पण ती कंपनीने आपल्या सोयीने केली. कुणा नियमाने करायला लावली नव्हती.

न्यायालयात जा म्हणाल, तर अमेरिकेतला अनुभव फारसा आशादायक नाही. सर्चकिंग नावाच्या कंपनीने गुगलवर दावा लावला, तेव्हा २००३ मध्ये ओक्लाहोमाच्या संघीय न्यायालयाने सांगितले की क्रमवारी हे गुगलचे मत आहे आणि मत मांडण्याचे स्वातंत्र्य त्याला घटनेने दिले आहे. पुढे ई-व्हेंचर्स या कंपनीच्या २३१ वेबसाइट 'शुद्ध स्पॅम' म्हणून काढल्या गेल्या. त्या दाव्याचा निकालही २०१७ मध्ये फ्लोरिडात गुगलच्याच बाजूने लागला. त्या ई-व्हेंचर्सबद्दल मला फारसा कळवळा नाही. पण मत मांडण्याचा हक्क कबूल केला, तरी ते मत का बनले हे सांगायची सक्ती करण्याच्या आड तो येत नाही.

युरोपने थोडा पुढचा रस्ता धरला आहे. जुलै २०२० पासून तिथे लागू असलेल्या एका नियमानुसार शोधयंत्राला क्रमवारीचे मुख्य निकष उघड करावे लागतात, आणि कुणा तिसऱ्याच्या तक्रारीवरून वेबसाइट काढली असेल तर मालकाला ती तक्रार पाहू द्यावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने गुगलच्या एका स्पॅमविरोधी धोरणामुळे वृत्तमाध्यमांची पाने खाली जातात का, याची रीतसर चौकशी सुरू केली. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला होता. पण तो मामला गुगलच्या स्वतःच्या सेवा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या सेवा यांतला होता. आंबेवाला कुणाचाही प्रतिस्पर्धी नाही. स्पर्धा कायद्याच्या दारात तो उभा राहिला, तर त्याला आत घेणार कोण? म्हणून मी आयोगाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतली आणखी एक गंमत दाखवतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले, की सायबर हल्ल्याची घटना कळल्यापासून सहा तासांत ती सरकारला कळवावी. कळवायच्या घटनांच्या यादीत वेबसाइटमध्ये घुसखोरी, तिच्यात घातक कोड किंवा बाहेरच्या लिंका घालणे, हे शब्द स्पष्ट आहेत. म्हणजे काकांवर झाला तसला हल्ला त्या यादीत बसतो. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला सहा तासांची मुदत. आणि ज्याने ती चोरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्यावरून शिक्षाही केली, त्याने मालकाला कधी सांगावे याला मुदतच नाही! बरे, हे काही आंबेवाल्यांपुरते नाही. सट्टेबाजीच्या जाहिरातींची पाने शाळा-महाविद्यालयांच्या आणि खुद्द सरकारी वेबसाइटवर पेरली गेल्याच्या बातम्या आपल्यापर्यंतही आल्याच असतील. तिथल्या बाबूंनाही आपली वेबसाइट उघडल्यावर सगळे ठीकच दिसत असणार.

यावर कंपन्यांचा नेहमीचा आक्षेप असा, की कारणे सांगितली तर स्पॅमवाले शिकतील आणि नवी युक्ती काढतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. शोधयंत्र कसे तोलते ते सूत्र कुणी मागू नये, मीही मागत नाही. क्रमवारीत पाचवरून पन्नासावर गेलो म्हणून दाद मागणाऱ्यांच्याही मी बाजूने नाही. पहिल्या पानावर बसण्याचा हक्क कुणालाच नसतो. मागणी फक्त काढून टाकण्यापुरती किंवा ठरवून केलेल्या शिक्षेपुरती आहे. 'तुमच्या अमुक पत्त्यावर हे सापडले' एवढे सांगितल्याने चोर काय शिकणार? ती पाने त्यानेच तर ठेवलेली असतात. न शिकलेला राहतो तो मालक.

आमच्या बाजूचीही घाण आहे आणि ती मी झाकणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळेच काकांसारखे निरपराध नसतात. 'अमुक रुपयांत हजार बॅकलिंक, महिन्यात पहिल्या पानावर' असे व्हॉट्सअॅपवर विकणारे आमच्यातच आहेत. एकच लेख वीस गावांची नावे बदलून वीस पाने करणारे आहेत, आणि आता यंत्राकडून दिवसाला शेकड्याने मराठी लेख लिहून घेणारे आहेत. ते मराठी वाचून मालकाच्याही पोटात दुखेल, पण तो वाचत नाही, फक्त आकडे पाहतो. मार्च २०२४ मध्ये गुगलने असल्या घाऊक मजकुराविरुद्ध धोरण आणले, ते योग्यच होते. असा मालक आला की मी आधी त्याला लिंका विकत घेतल्याची पावती काढायला लावतो आणि मग कामाला हात घालतो. सफाई करून पुन्हा तेच करणाऱ्यांना तर गुगल सुरक्षेच्या बाबतीत २०१६ पासून तीस दिवस फेरतपासणीचा अर्जच करू देत नाही, हेही मला मान्य आहे. शिक्षा जरूर करा. पण चोर आणि चोरी झालेला यांना एकाच कोठडीत, एकही शब्द न सांगता टाकू नका.

म्हणून नियमात काय घालावे, ते माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो. समाजमाध्यम 'मोठे' कधी मानायचे, तर भारतात पन्नास लाख नोंदणीकृत वापरकर्ते असतील तेव्हा. शोधयंत्र वापरायला नोंदणी लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी महिन्याला किती लोक वापरतात असा वेगळा मापदंड ठेवावा लागेल. हॅक झाल्याचा संशय असेल तर कारवाईबरोबरच, आणि मालकाचा स्वतःचा दोष असेल तर कारवाईआधी, वेबसाइटवर दिलेल्या संपर्कावर सूचना जावी आणि ती कुणालाही पाहता येईल अशा पानावरही असावी. सूचनेत निदान काही दोषी पानांचे पत्ते असावेत. फेरतपासणीला मुदत असावी. नियम ३ प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याला निकाल द्यायला ठरावीक मुदत असतेच, तीच इथे लावा. अर्ज फेटाळला तर काय उरले आहे ते सांगणे बंधनकारक करा. आणि त्यावर अपील ऐकायला आपण ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने तक्रार अपील समित्या निर्माण केल्याच आहेत. वेबसाइटचा मालक हा त्या शोधयंत्राचा वापरकर्ता मानायचा की नाही, या शब्दच्छलात त्याचे अपील अडकू नये, म्हणून त्याचा उल्लेख नियमात स्पष्ट करा. कुठल्या भाषेत सूचना द्यायची हेही घाला. रत्नागिरीच्या माणसाला ती मराठीत मिळाली तर तो मला फोन करायच्या आधी निम्मे काम स्वतः करील.

हे पत्र छापून आले तर ते आपल्या आधी छोटे धंदेवाले वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या, वेबसाइट करणाऱ्याच्या नाही. शोधयंत्रांच्या कन्सोलमध्ये मालकी आजच नोंदवा आणि तिथे दुसरा कोणी मालक आहे का ते पाहा. फुकटची चोरीची थीम वापरू नका. महिन्यातून एकदा 'साइट' आणि अपूर्णविराम टाकून आपला पत्ता शोधा. अनोळखी लिपी दिसली, तर बॅकअप शोधायला लागा.

मंत्रिमहोदय, आपले मंत्रालय नियमांतल्या दुरुस्तीचे मसुदे लोकांच्या हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करते, हे मला ठाऊक आहे. उपनियम (८) शोधयंत्रांना लागू करणारा मसुदा येत्या पावसाळ्यात काढा, हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत द्या आणि मराठीतून आलेल्या सूचनाही विचारात घ्या. चिपळूण, रत्नागिरी आणि देवगडच्या वेबसाइटवाल्यांकडून त्या गोळा करून आपल्याकडे पाठवायची जबाबदारी मी घेतो.

आपला,
चिपळूणचा एक वेबसाइटवाला